सावलीचं वेळापत्रक

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, दुपारची मधली सुट्टी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पहिली-दुसरीची अकरा पोरं खिचडीची ताटं घेऊन बसली होती. टाकी लोखंडी स्टँडवर, जमिनीपासून दहा फूट उंच. तिची सावली उत्तरेला पडलेली, एखाद्या सतरंजीएवढी. जेवता जेवता पोरं मधूनच बूड उचलून सरकायची. एक सरकला की त्याच्यामागे सगळी ओळ. मला आधी वाटलं, काही खेळ चाललाय. जवळ गेले तेव्हा दिसलं, की ओळीच्या शेवटी बसलेल्या मुलीच्या पायांवर ऊन आलं होतं. सावली पूर्वेकडे सरकत होती आणि पोरं ताटं हातात धरून तिच्या मागे जात होती.

मोठ्या कडुलिंबाचा पार होता, पण तो सातवीच्या मुलांचा. तसा नियम कुणी केलेला नव्हता, मोठी पोरं आधी पोचायची एवढंच. पाचवी-सहावीच्या मुली व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. तिसरी-चौथीला भिंतीचा आडोसा, आणि सगळ्यात लहानांना टाकी. या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. चार वर्षं मी हे रोज पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. इथे पारा ४५ च्या वर गेला तर बातमी होत नाही. सातवीपर्यंतची शाळा, पट ९६. दक्षिणेला खोल्यांची एक रांग, तिच्यापुढे उत्तरेकडे तोंड केलेला व्हरांडा, समोर साधारण अर्ध्या एकराचं पटांगण. फाटक पूर्वेला, फाटकाशी दोन गुलमोहर. वायव्येच्या कोपऱ्यात तो कडुलिंब. मी रुजू होण्याआधी एका योजनेतून निम्म्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसले होते. चिखल गेला म्हणून गाव खूश होतं आणि ते खोटं नव्हतं. काळ्या मातीत पावसाळ्याचे चार महिने मुलांचे पाय घोट्यापर्यंत बुडायचे.

माझा पहिला विचार सगळ्यांचा असतो तोच होता: झाडं लावू. तशी ती लावलीही गेली होती. दर जुलैला फोटो निघायचा, दर मार्चला ओळीनं वाळक्या काड्या उरायच्या. म्हणून त्या मार्चमध्ये मी झटपट उपाय केला. शाळेच्या अनुदानातून थोडे, आम्हा शिक्षकांच्या खिशातून थोडे असे पैसे जमवून हिरवी शेडनेट आणली, रोपवाटिकेवर घालतात ती. एक बाजू व्हरांड्याच्या खांबांना बांधली, दुसरीकडे चार लोखंडी पाइप दीड-दीड फूट गाडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वळीव आला. पाऊस दहा मिनिटांचा, पण त्याआधीच्या वाऱ्यानं नेट शिडासारखी फुगली, दोन पाइप उपटून आले आणि त्यातला एक व्हरांड्याच्या जाळीवर आदळला. तिथेच सकाळी पहिलीचा वर्ग बसतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. हेच सकाळी दहाला झालं असतं तर, एवढाच विचार डोक्यात होता.

आमच्याच शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी तेव्हा नागपूरला आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती. सुट्टीत गावी आलेली. मी तिला फाटलेली नेट दाखवली आणि विचारलं, आता काय लावू? तिनं पटांगणाला एक फेरी मारली आणि म्हणाली, "मॅडम, आत्ता काही लावू नका. आधी सावली मोजू."

मग पुढचे तीन दिवस आम्ही तेवढंच केलं.

खो-खोच्या मैदानाला आखायची फक्की होतीच. पटांगणाच्या मध्यात चार फुटांची सरळ काठी रोवली. सकाळी सातपासून दर अर्ध्या तासानं तिच्या सावलीच्या टोकाला मुलांनी खडा ठेवायचा, शेजारी वेळ लिहायची. दुसरी टोळी दर तासाला झाडांच्या, टाकीच्या, इमारतीच्या सावलीची कड फक्कीनं आखणार. आठ वाजता चार फुटांच्या काठीची सावली साडेसात फूट भरली, सरळ पश्चिमेला. नऊला साडेचार फूट. साडेदहाला दोन फुटांच्या जराशी वर. सहावीच्या मुलांनी आपणहून कोष्टक केलं: आठला जवळजवळ दुप्पट, नऊला स्वतःएवढी, साडेदहाला निम्मी. त्रैराशिकाचा धडा मी त्या वर्षी तिथेच, फक्कीच्या रेघांवर उभी राहून शिकवला.

आणि कडुलिंब? त्याची सावली शाळेत नव्हतीच. सकाळी आठ ते अकरा ती कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे, शेजारच्या वावरात पडत होती. आम्ही भिंतीवर चढून पाहिलं. धुऱ्यावर, आमच्या झाडाच्या दाट सावलीत, शेजाऱ्याची बैलजोडी बसून रवंथ करत होती. ती सावली आत पटांगणात यायची दुपारी दोननंतर. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळची शाळा असते. सव्वाअकरा-साडेअकराला मुलं घरी. म्हणजे गावातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात दाट झाड ज्या महिन्यांत सर्वांत जास्त हवं असतं, त्याच महिन्यांत मुलांच्या वाट्याला येतच नव्हतं.

उलट फाटकाजवळचे गुलमोहर अगदी नेमक्या जागी होते. पूर्वेला. सकाळच्या शाळेत सूर्य पूर्वेला, त्यामुळे पूर्वेकडच्या झाडाची सावली थेट पटांगणाच्या मध्यात येते. पण गुलमोहर हा मुळात मादागास्करचा. आपल्याकडे फेब्रुवारीपासून त्याचं पान झडतं आणि एप्रिल-मेमध्ये तो फुलतो. फुलं डोळ्यांना सुख देतात, ऊन अडवत नाहीत. मुलांनी त्याची जी सावली फक्कीनं आखली, ती जाळीसारखी होती, नुसत्या फांद्यांच्या रेघा. बरोबर झाड चुकीच्या जागी आणि चुकीचं झाड बरोबर जागी, असं आमचं पटांगण होतं.

या तीन दिवसांनी माझ्या डोक्यातला सगळा क्रम बदलला. तोवर मी जागा शोधत होते: कुठे मोकळं आहे, कुठे खड्डा करता येईल, कुठे दिसायला बरं दिसेल. त्या मुलीनं माझ्यासमोर शाळेचं वेळापत्रक ठेवलं. परिपाठ किती वाजता, जेवण किती वाजता, खेळाचा तास कुठला, आणि हे कुठल्या महिन्यात. मार्च-एप्रिलला सकाळी सात ते साडेअकरा. जूनच्या अखेरीस शाळा उघडते तेव्हा साडेदहा ते पाच. ऑक्टोबरचं ऊन निराळं, फेब्रुवारीची दुपार निराळी. मग एकेक नोंद करत गेलो. एप्रिलच्या साडेनऊच्या जेवणाला सावली पूर्वेकडून हवी. ऑक्टोबरमधल्या दुपारच्या खेळाला पश्चिमेकडून, आणि ती कडुलिंब देतोच. राहिला जूनचा शेवट. वर्ध्याला मेच्या २४ तारखेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे शाळा उघडते त्या दिवसांत, ढग नसतील तर, भिंतीच्या आडोशाचा काही उपयोग नाही. तेव्हा डोक्यावरच काहीतरी हवं.

आता गरम काय आणि किती, ते मोजायचं होतं. करोनाच्या काळात आलेली कपाळाला दाखवायची तापमापकाची बंदूक कपाटात पडून होती. सेल घालून ती पेव्हरवर धरली तर आकड्याच्या जागी ‘हाय’ अशी अक्षरं आली. ती माणसासाठी बनवलेली, ४३ च्या पुढचं तिला वाचताच येत नाही. मुलं ओरडली, "मॅडम, फरशीले ताप आला!" आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत. तिथे यंत्रांचे बेअरिंग तापलेत का हे बघायला तशीच, पण मोठ्या आकड्यांची बंदूक असते. ते सुट्टीच्या दिवशी ती घेऊन आले. एप्रिलच्या मध्यात सकाळी अकरा वाजता आम्हाला मिळालेले आकडे माझ्या वहीत आहेत. पेव्हर ५४. मोकळी माती ४७. लोखंडी घसरगुंडी ६१. पोषण आहाराच्या शेडचा पत्रा, खालच्या बाजूनं, ५८. आणि भिंतीपलीकडे, कडुलिंबाखालची माती ३३.

पत्र्याचा आकडा पाहून मी त्या शेडखाली जाऊन उभी राहिले. उन्हात नव्हते, तरी टाळू तापत होती. आपण सावली म्हणतो तेव्हा ऊन अडलं एवढंच बघतो. पण तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकतो, चुलीपुढे बसल्यावर अंगाला धग लागते तशी. तापलेली फरशी तीच धग खालून देते. हवेचं तापमान झाडाखाली आणि झाडाबाहेर एक-दोन अंशांनीच वेगळं असतं. अंगाला जो फरक जाणवतो तो या वरून-खालून येणाऱ्या धगीचा. आणि पहिलीचं पोर उंचीनं साडेतीन फुटांच्या आसपास. ते जमिनीच्या जितकं जवळ, तितकी फरशी त्याच्या तोंडाजवळ. हे समजल्यावर त्या निम्म्या पटांगणाकडे मला पूर्वीसारखं बघता येईना.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी फक्कीचा नकाशा मांडला. मुलांनी चार्टपेपरवर तो मोठा करून काढला होता, आठची सावली पिवळ्यात, साडेनऊची हिरव्यात, अकराची लाल. एक आजोबा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढं मोठं झाड हाये नं बापा शाळेत. मंग कायले पायजे दुसरं?" चौथीतली एक मुलगी उठली आणि तिनं नकाशावर बोट ठेवून त्यांना दाखवलं, आजोबा, ही हिरवी सावली भिंतीच्या बाहेर आहे, तिथे तुमचे बैल बसतात. बैल त्यांचेच होते. त्यानंतर त्या सभेत मला फारसं बोलावं लागलं नाही.

कागदपत्रांचं काम मात्र लांबलं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला काय हवं याची यादी आहे: खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. सावली हा शब्द तिथे नाही. अंदाजपत्रक करायला आलेले अभियंता मनापासून मदत करणारे होते, तरी त्यांनाही एकदा म्हणावं लागलं, "मॅडम, सावली या नावाचं हेड नाही माझ्याकडे. शेड लिहू का?" शेड म्हणजे पुन्हा पत्रा. शेवटी तुकडे केले. खड्डे, रोपं आणि त्यांचं संगोपन रोजगार हमीतून. हात धुण्याच्या नळांचं सांडपाणी वळवायचं काम ग्रामपंचायतीकडून. मांडव लोकवर्गणीतून. पेव्हर काढायचा प्रश्न सगळ्यांत अवघड निघाला, कारण सरकारी पैशातून बसलेली फरशी शाळेच्या नोंदवहीत मालमत्ता म्हणून चढलेली. ती उखडली तर उद्या उत्तर कोण देणार? त्या मुलीनं मोबाइलवर पॅरिसच्या शाळांचे फोटो दाखवले. तिथे २०१८ पासून शाळांच्या पटांगणांवरचं डांबर काढून त्या जागी माती, झाडं आणि पाणी मुरणारी जमीन आणताहेत. सरपंचांनी ते फोटो दोनदा मागून घेऊन पाहिले. मग समितीचा आणि ग्रामसभेचा असे दोन ठराव झाले: फरशी नष्ट करायची नाही, हलवायची. पूर्वेकडच्या बारा फुटांच्या पट्ट्यातले ब्लॉक काढून ते फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या पायवाटेला लावायचे. तिथे चिखल होतोच. नोंदवहीतला आकडा तसाच राहिला.

झाडांची निवड मी घाईनं केली नाही. कागदावर प्रत्येक झाडापुढे एकच प्रश्न लिहिला: मार्च-एप्रिलमध्ये अंगावर पान असतं का? पळस, पांगारा, गुलमोहर तिथेच गळाले. मोहाची तीच गत, फुलायच्या वेळी तो उघडा असतो. कडुलिंब पान टाकतो पण मार्चमध्ये नव्या पालवीनं भरून येतो. करंजही पान टाकतो आणि बघता बघता पोपटी होतो. दोघे एकदम उघडे पडू नयेत म्हणून मिसळून लावायचे ठरलं. चिंच उन्हाळ्यातही सावली धरते, वादळाला दाद देत नाही, पण वाढायला सावकाश. तिच्यावर गावात थोडी कुरबुर झाली, चिंचेवर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक. एका आजींनीच तो विषय मिटवला: "शाळेत दिवसा जातेत लेकरं. रातच्याले कोन बसते तिथं?" वडाची माझी फार इच्छा होती. पण आमची इमारत जवळ आहे आणि वडाची मुळं पायाला धरतात. तो मैदानाच्या पार टोकाला, इमारतीपासून चाळीस फुटांवर लावला.

आता चिंच मोठी होईपर्यंत काय? आत्ताची पहिली सातवी होऊन निघून जाईल. याचं उत्तर मला आर्किटेक्चरवाल्या मुलीनं नाही दिलं, खड्डे खोदायला आलेल्या एका काकांनी दिलं. त्यांचं आजोळ रामटेककडचं, पानमळ्यांचं. पानवेलीला ऊन सोसत नाही, म्हणून मळ्यात आधी शेवरी आणि हादगा लावतात. ही झाडं एका वर्षात डोक्यावर जातात, वेलीला आधारही देतात आणि सावलीही. काका म्हणाले, "लेकरू पानावानीच हाये म्याडम. शेवरी लावा आधी, मंग तिच्या मांडीवर चिंच वाढू द्या." तसंच केलं. दर दोन मोठ्या झाडांच्या मध्ये दोन हादगे, दोन शेवऱ्या. हादग्याचं लाकूड ठिसूळ, चार-पाच वर्षांत तो जाणार. तो जाण्यासाठीच लावला आहे. हादग्याच्या फुलांची भाजी आमच्या स्वयंपाकीण ताई दोनदा खिचडीबरोबर करून झाल्या.

खड्डे तीन बाय तीन बाय तीन. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रोपाची कोवळी मुळं त्या भेगांत उघडी पडून मरतात. आमच्या आधीच्या वाळक्या काड्यांचं खरं कारण पाण्याच्या कमतरतेइतकंच हे होतं. म्हणून खड्ड्यात शेणखताबरोबर मुरूम मिसळला आणि वर वीतभर पालापाचोळा दाबला. प्रत्येक रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा माठ. माठ झिरपतो, पाणी थेट मुळाशी जातं. मुलांनी सुट्टीत आलटून पालटून भरायचे. शाळा चालू असताना तेवढीही गरज पडत नाही. ९६ ताटं आणि ९६ जोड्या हात धुतल्याचं पाणी रोज निघतं. गिट्टी आणि कोळशाच्या टाकीतून खरकटं गाळून ते पाणी पूर्वेच्या पट्ट्यात सोडलं. पहिल्या महिन्यात टाकी तुंबून वास सुटला, मग वरच्या थराला जाळी बसवली आणि ती दर शनिवारी धुवायचं काम पाळीनं लावलं.

मांडवासाठी मी सेवाग्रामला गेले. आम्हाला ते जवळ, सहलीला तर दर दोन वर्षांनी जातोच. पण या वेळी बापू कुटीत मी फोटो न बघता छपराची कड बघितली. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हापासूनच्या या बांधण्या माती, बांबू आणि कवेलूच्या. भोवती पडवी, आणि छपराचा पाख इतका खाली उतरलेला की ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. मी पडवीत अकरा वाजता बसले होते. बाहेर डोळे दिपत होते, आत बसून मला पत्र लिहिता आलं असतं. परत येताना डोक्यात पक्कं झालं: वर पत्रा नाही, बांबूचे तट्टे, तेही दुहेरी. आणि पूर्वेकडचा पाख खाली.

तो मांडव आता आहे तीस फूट बाय पंधरा. या वेळी खांब काळ्या मातीत सोडले नाहीत. साडेतीन फूट खणून मुरूम लागला तिथे बसवले, बांबूचं खालचं टोक मातीला लागू नये म्हणून लोखंडी बुटात. बांबू टाकणखाराच्या पाण्यात भिजवून घेतलेला, नाहीतर भुंगा दोन वर्षांत पोकळ करतो. उंची मध्यभागी नऊ फूट, पश्चिमेला जरा जास्त, म्हणजे गरम हवा तिकडून निघून जाते. दोन तट्ट्यांच्या थरांत वीतभर मोकळी जागा ठेवली. वरचा थर तापतो, मधून वारा जातो, खालचा गार राहतो. जिनिंगची बंदूक पुन्हा मागवली होती. खालच्या तट्ट्याचा आकडा हवेपेक्षा दोनच अंश जास्त निघाला. पूर्वेकडच्या कडेला मधुमालती चढवली आहे आणि जानेवारीत दोडका पेरतो. दर बांधाला सुतळी सैल, तट्टे वाऱ्याला थोडे हलतील असे. त्यानंतर दोन मोठे वळीव येऊन गेले. एकदा एक तट्टा सुटून लोंबला, त्यापलीकडे काही नाही.

पोषण आहाराच्या शेडवरही तेच केलं, पैसे नव्हते म्हणून साधं: वरून डिंक घातलेला चुना, दर फेब्रुवारीत, कारण पावसात तो धुऊन जातो, खालून हातभर अंतर सोडून तट्ट्याची छत. ताई सांगतात, पूर्वी भाकरी थापताना पदर ओला करून डोक्यावर घ्यायच्या, आता घ्यावा लागत नाही. या सगळ्या कामातलं मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र.

एक गोष्ट मात्र कुठल्याही नकाशात नव्हती. मांडव झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथेही सातवीची मुलं आधी पोचली आणि पहिलीची पोरं पुन्हा टाकीखाली दिसली. सावली वाढली म्हणून ती आपोआप वाटली जात नाही. मी मुलांच्या सभेत टाकीखालची ती सरकणारी ओळ फळ्यावर काढली आणि काहीही न सांगता बसले. सातवीतला एक मुलगा म्हणाला, आम्ही पारावर जाऊ, तिथे दुपारी बरं असतं. दुसरा म्हणाला, सकाळच्या शाळेत पारावर ऊन असतं रे. बरीच वादावादी झाली. ठरलं ते असं: सकाळच्या शाळेत मांडवाचा पूर्वेकडचा भाग पहिली ते तिसरीचा, कारण साडेनऊनंतर सगळ्यात दाट सावली तिथे. बाकीचे वर्ग आठवड्यानं बदलत. तो तक्ता व्हरांड्यात लावलेला आहे, तास-विषयांच्या वेळापत्रकाच्या शेजारी. मुलांनीच वर मथळा लिहिला: ‘सावलीचं वेळापत्रक’.

यंदा तिसरा उन्हाळा. हादगे इमारतीच्या छपराएवढे झाले. लावलेल्या अठरा मोठ्या रोपांपैकी चौदा जगली, तीन बकऱ्यांनी खाल्ली आणि एक कसं गेलं ते कळलं नाही. करंज माझ्या डोक्याच्या वर गेले. चिंच जेमतेम चार-पाच फूट. एप्रिलच्या मध्यात आम्ही दरवर्षी काठी रोवून फक्की टाकतो आणि गेल्या वर्षीच्या नकाशावर या वर्षीची रेघ ओढतो. चिंचेची सावली साडेनऊला मोजली तेव्हा एका मुलीनं आपलं ताट त्या सावलीत ठेवून पाहिलं. ताट मावलं. ती मात्र उन्हात उभी होती.

राहिलं आहे ते मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जायची वाट. व्हरांड्याच्या टोकापासून तीस पावलं, पेव्हरची, वर काही नाही. ऊन चढलं की मुली तिकडे जायचं टाळतात, आणि जायचं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. हे मला एका सहावीच्या मुलीनं बाकी सगळं झाल्यावर सांगितलं, आधी विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. वाटेची सावली मोजून झाली आहे. पश्चिमेला भिंत आहे, पूर्व मोकळी. पंधरा फुटांवर दोन करंज आणि वर वेलीचा सहा फूट रुंद मांडव बसतो. बांबू गावातल्याच एकानं द्यायचं कबूल केलंय. समितीची सभा पुढच्या गुरुवारी आहे, ठराव लिहून ठेवला आहे.